आल्या दाराने जायचं नाही

कुंभकोणमहून मायिलादुतुरैच्या रस्त्याला लागलं की आठ-नऊ किलोमीटरवर तिरुविडैमरुदूर येतं. महालिंगस्वामींचं भव्य देऊळ असलेलं हे क्षेत्र संस्कृतात मध्यार्जुन म्हणून ओळखलं जातं. तंजावरच्या भोसल्यांच्या इतिहासात हे नाव पुन्हा पुन्हा येतं. १७८७पासून तंजावरचा कारभार पाहणाऱ्या अमरसिंहांना इंग्रजांनी १७९८ मध्ये बाजूला सारलं आणि सरफोजींना गादीवर बसवलं. अमरसिंह मग इथे येऊन राहिले आणि १८०२ मध्ये वारले. देवळात हाती दिवा धरलेल्या स्त्रीची एक धातूची मूर्ती आहे. एकोणिसाव्या शतकात मराठा राजघराण्यातल्या एका मुलीने लग्नाच्या नवसापोटी लक्षदीप लावले, त्यांपैकी ही एक पावै विळक्कू.

या देवळाचा एक नियम आहे. पूर्वेच्या गोपुरातून आत गेलेल्याने त्याच दाराने बाहेर पडायचं नाही. वरगुण पांड्य राजाच्या घोड्याखाली एक ब्राह्मण चिरडला गेला आणि ब्रह्महत्या राजाच्या मागे लागली. राजा देवळात शिरला तेव्हा ती पूर्वेच्या दाराशीच थांबली; राजा दुसऱ्या दाराने निघून गेला. ती अजून तिथेच वाट पाहते, म्हणून आलेल्या वाटेने परतायचं नाही, अशी ही कथा.

हा नियम थोडा कडक करून बघू. एकदा जिथे पाऊल पडलं, तिथे पुन्हा पाऊल टाकायचंच नाही. या एका अटीवर पदार्थविज्ञानाची एक अख्खी शाखा उभी आहे. प्लास्टिक, रबर, डिंक, रेशीम, डीएनए हे सगळे लांबलचक साखळीसारखे रेणू, म्हणजे पॉलिमर. लहान घटक शेकडो-हजारोंच्या संख्येने एकापुढे एक जोडले गेलेले. द्रवात तरंगणारी अशी साखळी सतत वळते, पिळवटते, आकार बदलते. पण तिचे दोन मणी एकाच वेळी एका जागी बसू शकत नाहीत. म्हणून साखळीचा प्रत्येक आकार म्हणजे स्वतःची वाट न ओलांडणारी एक चाल. साखळीचं एक टोक एखाद्या पृष्ठभागाला घट्ट बांधलं तर काय होतं, हा या लेखाचा विषय.

विषय कारखान्यातला आणि प्रयोगशाळेतला वाटतो, पण तो मराठी दफ्तरांच्या पानापानावर आहे. तंजावरच्या सरस्वती महालात आणि तमिळ विद्यापीठात मोडी कागदांची जी दफ्तरं जपून ठेवलेली आहेत, तसल्या कागदांची जुनी काळी शाई दोन वस्तूंची असे : दिव्याची काजळी आणि बाभळीचा डिंक. नुसती काजळी पाण्यात घोटली तर काही वेळात तिच्या गुठळ्या होऊन तळाशी बसतात, कारण कार्बनचे सूक्ष्म कण एकमेकांजवळ आले की चिकटतातच. डिंक घातला की तीच काजळी दिवसेंदिवस पाण्यात तरंगत राहते. डिंकाच्या रेणूचा काही भाग काजळीच्या कणाला धरून बसतो आणि उरलेल्या शाखा पाण्यात पसरतात. प्रत्येक कणाभोवती बांधलेल्या साखळ्यांचा एक थर तयार होतो आणि त्या थरामुळे दोन कण भिडत नाहीत. १९९१चे नोबेल विजेते फ्रेंच शास्त्रज्ञ पियेर-जिल द जेन पुरस्कारानंतर शाळाशाळांतून बोलायला जात, तेव्हा हीच शाई समोर करून दाखवत. लेखनिक हे कसब हाताने जाणत होते. ते का साधतं, हे मात्र विसाव्या शतकात उलगडलं आणि त्यात संगणकाचा वाटा फार मोठा आहे.

समजून घ्यायला संगणक लागत नाही. मुलांची चौकटीची वही घ्यावी. रेघा जिथे छेदतात तिथे मणी ठेवायचे. पहिला मणी पानाच्या मधोमध. पुढचं पाऊल वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, चारांपैकी कुठेही; अट तीच, पुन्हा त्या जागी नाही. एका पावलाच्या ४ चाली, दोन पावलांच्या १२, तीन पावलांच्या ३६. चौथ्या पावलाला १०८ व्हायला हव्या होत्या, पण चौकोन पूर्ण करून सुरुवातीलाच येणाऱ्या ८ चाली बाद होतात, म्हणून १००.

आता पानावर एक आडवी रेघ मारा. ती भिंत. पहिला मणी त्या रेघेवर बांधलेला आणि रेघेच्या खाली जायला बंदी. पुन्हा मोजा. एका पावलाच्या ३ चाली, दोनच्या ७, तीनच्या १९, चारच्या ४९. मी ही यादी काढायला आवर्जून सांगते, कारण मोजताना जे हाताला जाणवतं ते सूत्र वाचून जाणवत नाही. मोकळी असताना शंभर आकार घेऊ शकणारी साखळी बांधल्यावर एकोणपन्नासच घेऊ शकते. भिंतीने तिला ओढलं नाही, ढकललं नाही. तिच्यावर कसलंही बळ लावलेलं नाही. फक्त तिच्या वाटा कमी झाल्या. निसर्गात मात्र वाटा कमी होणं याची किंमत मोजावी लागते. या किमतीलाच एन्ट्रॉपीतली घट म्हणतात. साखळीला आणखी कोंडायला गेलात, तर ती प्रतिकार करते आणि हा प्रतिकार मोजता येईल असा खराखुरा दाब असतो.

शाईचं उत्तर इथेच आहे. साखळ्या बांधलेले दोन काजळीचे कण जवळ आले की दोन्ही बाजूंच्या साखळ्यांच्या वाटा एकाच वेळी आक्रसतात. तो तोटा कणांच्या परस्पर ओढीपेक्षा मोठा असला की कण मागे सरतात.

तोट्याचा हिशेबही बारकाईने पाहण्यासारखा आहे. ४ पैकी ३, १२ पैकी ७, ३६ पैकी १९, १०० पैकी ४९ : शिल्लक वाटांचं प्रमाण घटत जातं, पण घटण्याचा वेग मंदावत जातो. साखळी लांब झाली की तिची बरीचशी लांबी भिंतीपासून दूर असते आणि तिथे तिला भिंतीची खबरही नसते. प्रत्येक नव्या पावलाला चाली साधारण किती पटींनी वाढतात, हा आकडा चौकटीच्या कागदावर सुमारे २.६४ आहे, आणि भिंत असो वा नसो, तो शेवटी तोच राहतो हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. मला हा निकाल अतिशय सुंदर वाटतो.

हाताने मोजणं मात्र लवकरच थांबतं. मोकळ्या साखळीच्या वीस पावलांच्या चाली आहेत ८९,७६,९७,१६४. जवळपास नव्वद कोटी. खऱ्या पॉलिमरमध्ये मणी हजारांनी असतात आणि कागदाऐवजी सगळ्या बाजूंनी मोकळी जागा असते. तिथे सगळ्या चाली मोजणं जगातल्या कोणत्याही यंत्राला जमणार नाही. मग नमुना घ्यावा लागतो. यदृच्छेने काही लाख आकार निवडायचे आणि त्यांच्यावरून सगळ्यांचा अंदाज बांधायचा.

नमुना घेणं सोपं नाही, कारण साखळी स्वतःच्याच वळणात अडकते. चौकटीच्या वहीत भिंतीवरून निघा : वर, उजवीकडे, उजवीकडे, खाली, डावीकडे. पाचव्या पावलाला डावीकडे सुरुवातीचा मणी, उजवीकडे आपलाच मणी, वर आपलाच मणी आणि खाली भिंत. पुढे जायला जागाच नाही. मोकळ्या पानावर असं अडकायला निदान सात पावलं लागतात, भिंतीपाशी पाच पुरतात. यदृच्छेने एकेक मणी जोडत गेलं तर लांब साखळ्या बहुतेक वेळा पूर्ण होण्याआधीच अशा कोंडीत मरतात. १९५५ मध्ये मार्शल आणि एरियाना रोझेनब्लुथ या दांपत्याने यावर तोड काढली. दर पावलाला फक्त मोकळ्या घरांतूनच निवड करायची, पण त्यामुळे काही आकारांना मिळणारं झुकतं माप लक्षात ठेवून प्रत्येक साखळीला वेगळं वजन द्यायचं. एरियाना त्या काळच्या यंत्रांवर स्वतः प्रोग्राम लिहीत असत.

दुसरी युक्ती १९६९ मध्ये युनिलिव्हरच्या संशोधन विभागातल्या एम. लाल यांनी मांडली. साखळी नव्याने उभी करायचीच नाही. असलेल्या साखळीतला कोणताही एक मणी धरायचा आणि त्यापुढची सगळी शेपूट एकदम फिरवायची. फिरवल्यावर ती स्वतःवर आदळली नाही, भिंतीत शिरली नाही, तर नवा आकार स्वीकारायचा. नाहीतर जुनाच पुन्हा मोजायचा. बऱ्याच वेळा प्रयत्न फुकट जातो, पण जमतं तेव्हा साखळीचा आकार एका झटक्यात पार बदलतो. ही युक्ती बरीच वर्षं दुर्लक्षित राहिली. १९८८ मध्ये नील मद्रास आणि अ‍ॅलन सोकल यांनी ती किती कार्यक्षम आहे हे दाखवलं, तेव्हापासून लांब साखळ्यांसाठी ती हक्काची झाली.

भिंत साखळीला चिकटवून घेणारी असेल तर खेळ बदलतो. मग भिंतीला टेकलेल्या प्रत्येक मण्याला काही बक्षीस द्यायचं. चार पावलांच्या ४९ चालींपैकी सगळे मणी भिंतीवर ठेवणाऱ्या चाली दोनच : सरळ डावीकडे किंवा सरळ उजवीकडे. पाण्याचं तापमान जास्त असेल तर साखळी बक्षिसावर पाणी सोडून उरलेल्या ४७ वाटांच्या मोहात राहते. तापमान उतरलं की बक्षीस भारी पडतं आणि साखळी भिंतीवर आडवी होते. हे स्थित्यंतर नेमकं कुठे घडतं, यावर आपल्याकडे बनारस हिंदू विद्यापीठात यशवंत सिंह, देबप्रसाद गिरी, संजय कुमार यांनी बारकाईने काम केलं आहे. त्यांची पद्धत वहीतलीच आहे, फक्त संगणकाच्या ताकदीची : छोट्या साखळ्यांच्या सगळ्या चाली तंतोतंत मोजायच्या आणि त्यातून लांब साखळ्यांचं वागणं काढायचं.

एक साखळी बांधली तर ती भिंतीपाशी गोळा होऊन बसते. शेजारी-शेजारी पुष्कळ साखळ्या बांधल्या की एकमेकींच्या गर्दीमुळे त्यांना पसरायला जागा उरत नाही आणि सगळ्या भिंतीपासून दूर ताठ उभ्या राहतात. या रचनेला पॉलिमर ब्रश म्हणतात. १९७७ मध्ये श्लोमो अलेक्झांडर आणि पुढे १९८० मध्ये द जेन यांनी तिचं गणित मांडलं. मोकळ्या साखळीची लांबी दुप्पट केली तर तिचा गोळा जेमतेम दीडपट वाढतो; ब्रशमधल्या साखळ्यांची लांबी दुप्पट केली तर थराची जाडी पुरती दुप्पट होते. एवढा फरक निव्वळ गर्दीने घडतो.

या पहिल्या सिद्धांतात एक सोय म्हणून गृहीत धरलं होतं की सगळ्या साखळ्यांची मोकळी टोकं थराच्या वरच्या काठावर असतात. १९८८ मध्ये मिल्नर, विटन आणि केट्स यांनी गणिताने दाखवलं की तसं नसावं, टोकं थरभर कुठेही असावीत. कोण बरोबर, हे डोळ्यांनी बघायची सोय नव्हती. पुढच्याच वर्षी मायकेल मुरात आणि गॅरी ग्रेस्ट यांनी एक्झॉनच्या प्रयोगशाळेत हा थर संगणकात उभा केला. इथे चौकटीची वही नाही. प्रत्येक मणी मोकळ्या जागेत, शेजारच्या मण्याशी स्प्रिंगने जोडलेला, दुसऱ्या कोणत्याही मण्याच्या फार जवळ गेला की मागे ढकलला जाणारा, आणि पहिला मणी भिंतीत खिळलेला. प्रत्येक मण्यावरचं बळ काढायचं, न्यूटनच्या नियमाने त्याला एका अतिसूक्ष्म क्षणापुरतं हलवायचं, बळं पुन्हा काढायची. हे लाखो वेळा. द्रवाच्या रेणूंचे धक्के म्हणून प्रत्येक पावलाला थोडी यदृच्छा मिसळायची. साखळ्या स्थिरावल्यावर त्यांनी टोकं कुठे आहेत ते मोजलं. टोकं थरभर पसरलेली होती, अगदी भिंतीजवळसुद्धा काही होती.

हे करायला तेव्हा मोठी यंत्रं लागली. आज अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेत तयार झालेली लॅम्प्स ही आज्ञावली फुकट उतरवून घेता येते आणि लहानसा ब्रश घरच्या लॅपटॉपवर चालतो. बी.एस्सी.ला असलेल्या विद्यार्थ्याने एखाद्या सुट्टीत हे करून पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

ब्रशचे उपयोग फार. मॉडर्ना आणि फायझरच्या कोविड लसींतल्या चरबीच्या कणांवर पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या बांधलेल्या साखळ्या असतात, त्या कणांना एकमेकांत मिसळू देत नाहीत. २००९ मध्ये जेकब क्लाइन यांच्या गटाने दाखवलं की योग्य ब्रश लावलेले दोन पृष्ठभाग पाण्यात, माणसाच्या सांध्यात असतो एवढ्या दाबाखालीही, जवळपास घर्षणाशिवाय सरकतात. पण मराठी वाचकाने ज्याच्याशी जास्त वेळ थांबावं, असं काम पुण्यात झालं आहे.

पाषाणच्या रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, पॉलिमरवरच्या संशोधनाची परंपरा जुनी. गोव्यातल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर, पुढे इन्फोसिस पुरस्काराचे मानकरी आणि २०२१ मध्ये याच प्रयोगशाळेचे संचालक झालेले आशिष लेले, आणि तेव्हा तिथे संशोधन करणारे, आता आयआयटी कानपूरचे प्राध्यापक योगेश जोशी, या तिघांनी २००० आणि २००१ मध्ये एका जुन्या अडचणीवर शोधनिबंधांची मालिका लिहिली. अडचण अशी. प्लास्टिकची पिशवी किंवा फिल्म बनवताना वितळलेलं प्लास्टिक एक्स्ट्रूडर यंत्राच्या डायमधून, म्हणजे अरुंद तोंडातून, दाबून बाहेर काढतात. वेग वाढवला की एका मर्यादेनंतर फिल्मचा गुळगुळीतपणा जातो, तिच्यावर बारीक आडवे खवले उठतात. कारखान्यात याला शार्कस्किन म्हणतात. वेग आणखी वाढवला तर प्लास्टिक झटक्याझटक्याने बाहेर येऊ लागतं. म्हणजे उत्पादनाचा वेग किती ठेवायचा हे यंत्राची ताकद ठरवत नाही. डायच्या भिंतीपाशी, केसाच्या जाडीहूनही कितीतरी पातळ थरात काय चाललंय ते ठरवतं.

पाणी नळातून वाहतं तेव्हा भिंतीला टेकलेला थर स्थिर असतो, असं आपण शाळेपासून शिकतो. वितळलेलं प्लास्टिक हे ऐकत नाही, ते भिंतीवरून घसरतं. १९८६ मध्ये ए. व्ही. राममूर्ती यांनी दाखवलं की या दोषांचा घसरण्याशी आणि डाय कोणत्या धातूची आहे त्याच्याशी संबंध आहे. पितळी डाय वापरली तर शार्कस्किन टळू शकते. मग वाद सुरू झाला. भिंतीला धरून बसलेल्या साखळ्या वाहत्या प्लास्टिकमधल्या साखळ्यांत गुंतलेल्या असतात, तोवर पकड टिकते. पकड सुटते ती कशी? भिंतीवरच्या साखळ्या भिंतीपासून उपटल्या जातात म्हणून, की त्या भिंतीवरच राहतात, ताणल्या जाऊन सरळ होतात आणि गुंता सुटतो म्हणून? दुसरी शक्यता द जेन आणि फ्रांस्वाज ब्रोशार यांनी १९९२ मध्ये मांडली होती.

पुण्याच्या गटाने दोन्ही शक्यता एकाच चौकटीत बसवल्या. भिंतीजवळच्या साखळ्यांचं एक जाळं मानलं. त्यातले दुवे तुटतात, पुन्हा जुळतात, आणि कोणता दुवा किती वेगाने तुटेल हे ताणावर ठरतं. पुढच्या निबंधात त्यांनी आणखी एक गोष्ट धरली, ती मला या कामाचा गाभा वाटते. बांधलेल्या साखळीला अडकवून ठेवतात त्या शेजारच्या साखळ्या. पण शेजारच्या साखळ्या प्रवाहाबरोबर पुढे निघून जात असतात. त्या गेल्या की त्यांनी घातलेला अडसरही जातो. म्हणजे प्रवाहच बांधलेल्या साखळीला गुंत्यातून मोकळं करत असतो, आणि जितका वेग जास्त तितकं हे मोकळं होणं भराभर. हे मणी-मणी हलवणारं सिम्युलेशन नव्हे; साखळ्यांच्या सरासरी वागण्याची समीकरणं मांडून ती संगणकावर सोडवणं आहे. दोन्ही वाटा लागतात. मण्यांच्या सिम्युलेशनमध्ये डायच्या आकाराएवढं प्लास्टिक मावत नाही आणि समीकरणांना एकेका साखळीचं दुःख दिसत नाही.

यातून कारखान्याला मिळणारं उत्तर दोन्ही शक्यतांसाठी वेगळं येतं. साखळ्या उपटल्या जात असतील, तर डायचा धातू किंवा तिच्यावरचा लेप बदलून फरक पडेल. गुंता सुटत असेल, तर धातूने फारसं काही होणार नाही. साखळ्यांची लांबी, म्हणजे प्लास्टिकची जातच बदलावी लागेल. त्यामुळे आपल्या यंत्रात कोणता प्रकार चालू आहे हे आधी ओळखावं लागतं.

भिंतीवर मुद्दाम, मोजून साखळ्या बांधून याची परीक्षा पॅरिसच्या कॉलेज द फ्रान्समध्ये लिलियान लेजे आणि ह्युबेर एर्वे यांच्या गटाने घेतली. काचेसारख्या पृष्ठभागावर सिलिकोनच्या साखळ्या रासायनिक बंधाने पक्क्या केल्या, म्हणजे उपटल्या जाण्याचा प्रश्नच मिटला, आणि वाहतं सिलिकोन भिंतीपाशी किती वेगाने घसरतं ते लेसरच्या मदतीने मोजलं. एका ठरावीक ताणापर्यंत पकड घट्ट राहिली आणि त्यापुढे एकदम सुटली. गुंता सुटल्यानेही घसरण होते याचा हा पुरावा. मग त्यांनी साखळ्यांची दाटी वाढवत नेली. सुरुवातीला पकड वाढली. एका दाटीच्या पुढे मात्र ती पुन्हा कमी होऊ लागली, कारण भिंतीवरच्या साखळ्या इतक्या खेटून उभ्या राहिल्या की वाहत्या साखळ्यांना आत शिरून गुंतायला जागाच उरली नाही.